असुवा नदीचा मंगळवार

अचियाच्या पोटात दुखायला लागलं ते पोमाच्या गळ्यात निळी फीत पडली त्या दिवसापासून. त्या फितीला गावातल्या नव्या नळाची चावी लटकत होती.

त्याआधी असुवासो गावात पाण्यावर हुकूम चालायचा तो अचियाचा. असुवा नदीला आठवड्यातून एक दिवस विसावा लागतो, तो मंगळवार. मंगळवारी नदीत घागर बुडवायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, काठावर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. सोमवारी ऊन उतरलं की अचिया लोखंडी घंटा बडवत दवंडी द्यायची आणि बायका लगबगीने मडकी भरून ठेवायच्या. हे काम तिच्या आजीचं, मग आईचं, मग तिचं. नवरा गेला, मुलगी कुमासी शहरात वेण्या घालायच्या दुकानात कामाला गेली, कोकोची झाडं म्हातारी झाली, पण सोमवारी अख्खं गाव तिच्या घंटेला कान देत होतं. तेवढ्यावर ती ताठ मानेने जगत होती.

मग नदीच्या वरच्या अंगाला सोन्याची खाण आली. घानाच्या त्या भागात खाण आली की नदी विटकरी होते, तशी असुवाही झाली. पोरांच्या अंगावर खरूज उठली. गावाने जिल्हा कचेरीत तक्रार नेली. तिथला साहेब खाणीच्या कंपनीच्याच गाडीतून तपासणीला आला, बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. पुढे बाटलीही दिसली नाही आणि साहेबही. दिसला तो कंपनीचा माणूस लार्बी, हसरा आणि पांढऱ्या बुटांचा. कंपनी आपली सामाजिक जबाबदारी जाणते, म्हणून ती तुम्हाला नळ देणार आहे, असं त्याने सांगितलं. नदीचं काय, असं कोणी विचारलं तर तो कचेरीकडे बोट दाखवी, आणि कचेरी त्याच्याकडे.

नळ आला. त्याच्यावरची कंपनीच्या नावाची फरशी नळापेक्षा मोठी होती. चावी सांभाळायला गावातलीच बाई हवी होती, पण कागदावर सही करणारी. पोमा पाचवीपर्यंत शिकलेली, अचियाचा अंगठा. भर सभेत, ढोल वाजत असताना, लार्बीने पोमाच्या गळ्यात फीत घातली, वर कंपनीची खूण छापलेलं निळं कापडही दिलं. पोमाने ते शिवून रविवारी चर्चला घातलं तेव्हा अचियाच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणी याच पोमाला तिने हाताखाली धरून पोहायला शिकवलं होतं.

बरं, पोमा वाईट वागत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. ती रांगेत अचियाची घागर आधी लावायची. तेही अचियाला भीक घातल्यासारखं वाटायचं.

शेवटी अचियाने डाव टाकला. गावचे मुखिया नाना आम्पोफो यांच्यापुढे जाऊन तिने सांगितलं की जमिनीखालचं पाणी नदीचंच, तेव्हा मंगळवार नळालाही लागू. वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही म्हणून नदीचा कोप कोण ओढवून घेणार? मंगळवारी नळाचं कुलूप दिवसभर बंदच राहू लागलं. खरं सांगायचं तर अचियाला पोमाची जिरवायची होती, आणि हे तिचं तिलाही ठाऊक होतं. पोमा नुसतं "बरं" म्हणाली. त्या "बरं"ने विजयातली निम्मी चव गेली.

वर्षभराने कंपनीचे पाहुणे नळ बघायला आले, ते नेमके मंगळवारी. लार्बी घामाघूम झाला. नवा दवाखाना असुवासोला द्यायचा की शेजारच्या गावाला, हे पाहुणे त्याच दिवशी ठरवणार होते. वाहता नळ दिसला नाही तर दवाखाना गेला, असं त्याने नानांच्या कानात सांगितलं. नाना जमिनीकडे बघू लागले. पोमाने गळ्यातली फीत काढली आणि सगळ्यांदेखत अचियापुढे धरली.

"दिवस तुझा आहे, अचिया. तू म्हणशील तसं."

"मला कशाला अडकवतेस गं?"

"अडकवत नाही. तुला विचारल्याशिवाय मी उघडणार नाही, इतकंच."

वर्षभर जिच्यापायी जीव जळला ती चावी आता हातात होती. बाळंतपणाला ट्रकमधून नेताना वाटेतच गेलेली भाची अचियाला आठवली. तिने कुलूप उघडलं. पाणी धो धो वाहिलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि लार्बीने फीत तिच्याच गळ्यात अडकवून, तिला ओंजळ धरायला लावून फोटो काढला. मग पुन्हा भानगड नको म्हणून तो कुलूपच घेऊन गेला. चावी राहिली अचियाकडे.

दवाखाना पुढे मिळाला, म्हणजे भिंती आणि फरशी मिळाली. नर्स कचेरीने पाठवायची आहे, ती अजून पाठवते आहे. हमरस्त्यावर मात्र दोनच दिवसांत मोठा फलक लागला, त्यावर ओंजळ धरलेली अचिया. पोमा त्यात कुठेच नव्हती. अचिया रोज काही ना काही काम काढून त्याच रस्त्याने गेली.

मग सोमवार आला. ऊन उतरल्यावर तिने घंटा बडवत गावाला फेरी घातली. कोणी मडकं हलवलं नाही. वेणी घालत बसलेली एक सून दारातूनच म्हणाली, "अचियाआत्या, मंगळवारी नळ तुम्हीच तर उघडलात की." त्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

गावाच्या टोकाला पोमाचं अंगण होतं. तिथे चार मडकी काठोकाठ भरून, वर झाकण ठेवून ओळीने मांडलेली होती.

"उद्या मंगळवार ना," पोमा म्हणाली.

अचियाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं ते वेगळंच. मी मोडला तो दिवस हिने पाळला. म्हणजे नदीसुद्धा आता हिचीच झाली. पोटात पुन्हा तसंच दुखायला लागलं, पहिल्या दिवशीसारखं. ती तरातरा घरी गेली आणि अंधार पडायच्या आत तिने पाच मडकी भरली. पोमाहून एक जास्त.