वाफ म्हणजे पाणी नव्हे

इस्त्रीवाल्या काकांना गल्लीत सगळे कडककाका म्हणत. स्वभावामुळे नव्हे, स्वभाव म्हणाल तर लोण्यासारखा. पण त्यांच्या हातची इस्त्री अशी, की शर्ट दिवसभर अंगावर असला तरी बाहीवरची रेघ हलायची नाही. शब्दाचंही तसंच. मोबाइलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करणाऱ्या, मागच्या गल्लीतल्या मुलीचा युनिफॉर्म त्यांच्याकडेच यायचा. एकदा तिच्या निळ्या शर्टाची कॉलर त्यांच्या हातून करपली. घडीत दडपून दिली असती तर घरी जाईपर्यंत तिला कळलंही नसतं. काकांनी मात्र शर्ट तिच्यासमोर उलगडला, चूक कबूल केली आणि नवी कॉलर शिवून आणून दिली. तेव्हापासून ती मुलगी ओळखीपाळखीच्या लोकांना काकांचंच दुकान सांगायची.

अशा माणसानं एका फोनसाठी खोटं बोलावं, याला काय म्हणायचं?

काम करताना काकांच्या कानाला काहीतरी लागायचंच, गाणी म्हणा, बातम्या म्हणा. फोनची जागा ठरलेली होती, इस्त्रीच्या टेबलाच्या डोक्याशी, भिंतीला टेकवून. वाफेची इस्त्री दिवसभर त्याच्याच तोंडावर फुसफुसायची. बायकोनं कानीकपाळी ओरडून सांगितलं, पण काका ऐकतील तर शपथ. शेवटी एक दिवस फोन काळा पडला तो पडलाच. वॉरंटी शिल्लक होती, पण भिजलेला फोन बदलून मिळत नाही हे बायकोला ठाऊक होतं.

"भिजलाय कुठे? वाफ लागली असेल जराशी," काका म्हणाले.

"मग कपड्यांवर रोज काय मारता, वारा?"

काकांनी मनात मात्र धरून ठेवलं, वाफ म्हणजे काही पाणी नव्हे.

सेंटरमध्ये काउंटरवर तीच मुलगी होती. बाहीवर काकांचीच रेघ. तिनं हसून विचारपूस केली, फोन हातात घेतला, बारीक पेचकस काढला आणि उघडता उघडता विचारलं, "काका, पाणीबिणी लागलं होतं का याला?"

खरं सांगितलं तर फोन गेला, आणि नवा घेण्याची ऐपत नव्हती. "नाही," काका म्हणाले.

तिनं पेचकस खाली ठेवला. 'पाण्याचा संबंध नाही' असं कॉम्प्युटरवर भरलं आणि आतून कोरा करकरीत फोन आणून त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी मनातल्या मनात स्वतःला पुन्हा बजावलं, पाणी नव्हतंच की. घरी येईपर्यंत त्यांना ते पटलंही होतं.

पुढं काही आठवड्यांनी तिची आई दुकानात आली, इस्त्रीचे शर्ट न आणताच. आता इस्त्री नको म्हणाली. मुलीला काउंटरवरून उठवून मागं गोदामात बसवलं होतं. नोकरी पक्की व्हायची होती, तीही लांबली. कुणीतरी भिजलेला फोन कोरडा म्हणून तिच्या गळ्यात मारला होता, आणि वरच्या ऑफिसात तो उघडला तर आत सगळा गंज.

"त्या मेल्याचं वाटोळं होईल," आई म्हणाली. "तुम्हीच सांगा, अशी कशी असतात माणसं?"

"असतात," काका म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी नवा फोन गल्ल्यात ठेवला, फडक्यात गुंडाळून. दुकानात गाणं नाही, बातम्या नाहीत, नुसती वाफेची फुसफुस. ती ऐकवेना. एका गिऱ्हाइकाच्या पँटवर दोन रेघा पडल्या, आयुष्यात कधी नव्हे त्या. बायकोनं पँट पाहिली, काकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. "जाऊन या," ती म्हणाली.

सेंटरच्या मॅनेजरपुढे काकांनी फोन ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. खोटं मी बोललो, पोरीचा काही दोष नाही, हा फोन परत घ्या, हवं तर वर तसं कळवा. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. वर कळवतो म्हणाला. पण काकांनी आशा लावून बसू नये म्हणून हेही म्हणाला, की फोन उघडून बघणं तिचं काम होतं आणि ते तिनं केलं नाही, त्याला कुणाचा इलाज नाही.

तेवढ्यात ती मागून खोकं घेऊन आली. तिच्या बाहीवर दोन रेघा होत्या, शेजारी शेजारी, घरी घाईत केलेल्या इस्त्रीच्या. काकांची नजर तिथंच अडकली. माफी मागायची म्हणून वाटभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"अगं, उघडून का नाही बघितलास?"

तिनं खोकं खाली ठेवलं.

"उघडतच होते काका," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात ना."