हात दिसला पाहिजे

डायलिसिसला जाणारा माणूस सकाळी सेंटरमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा काय बघतो, असं कोणी विचारलं तर मी सांगेन, सुई कोणाच्या हातात आहे ते. खुर्ची दाराजवळची की खिडकीजवळची, एसी किती गार करून ठेवलाय, हे सगळं नंतर. सुया दोन असतात आणि त्या इंजेक्शनच्या सुईसारख्या नाजूक नसतात. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, दुसरीतून साफ होऊन अंगात परत येतं. ती दुसरी सुई निसटली तर मशीनला त्याचं सुखदुःख नसतं, ते रक्त बाहेर पाठवत राहतं. सुरुवातीची काही वर्षं मला हे माहीत नव्हतं. तेव्हा मी त्या खुर्चीत खुशाल घोरत पडायचो.

मी जन्मभर मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवली. निम्म्या मुलुंडला मी गाडी शिकवली असं मी सांगतो आणि बायको म्हणते, म्हणूनच रस्त्यावर ही अवस्था आहे. पुढे शुगरने किडन्या खाल्ल्या आणि घाटकोपरच्या एका डायलिसिस सेंटरची वारंवार वारी सुरू झाली. डाव्या हातात ऑपरेशन करून दोन शिरा जोडल्या आहेत. तिथे बोट ठेवलं तर आत सतत घरघर लागते, सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरसारखी. बायको अजून तिथे हात लावत नाही.

सेंटरमध्ये एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होता. चाळिशीचा, कमी बोलणारा, सगळ्यांना त्याच्याच हातून सुई हवी असायची. एका वर्षी त्याने आम्हाला सांगितलं की अंधेरीच्या एका कॉलेजची मुलं येणार आहेत. डायलिसिसची डिग्री करतात, शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामावर शिकायचं असतं. माझं डोकं फिरलं.

"मी काय शिकाऊ गाडी आहे? एलची पाटी लावू का गळ्यात?"

"काका, तुम्ही पण शिकवलंत ना लोकांना. भर रस्त्यात."

"माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक होता."

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात, हे त्याला ठाऊक होतं. तो हसला आणि म्हणाला, "मग मी कशाला उभा आहे इथे?"

माझ्या वाट्याला आलेली मुलगी मानखुर्दच्या पुढच्या कोळीवाड्यातली होती. आई मासे विकते, घरात कॉलेजात गेलेली ही पहिलीच. मला सुकी मासळी कायमची बंद, त्यामुळे मी तिला मुद्दाम विचारायचो, आज बाजारात काय आलंय. ती म्हणायची, "काका, तुमच्यासाठी काहीच नाही आलं." पहिल्यांदा तिने सुई धरली तेव्हा ती टोचायची जागा पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. ब्रदरने तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून माझ्या हातात सुई घातली. दुखलं. पण मला राग आला नाही, कारण रस्ता ओळखणारं माणूस गाडीत होतं.

तो तिला रोज एकच धडा द्यायचा. "हात दिसला पाहिजे. पेशंटला थंडी वाजली तर पाय झाक, छाती झाक, डोक्यावरून शाल घे. सुयांचा हात उघडा. मशीन ओरडलं की आधी हात बघ, मग नळी बघ, बटण शेवटी." आणि का, तेही सांगायचा. सुई हलली की नळीतल्या दाबाचा आकडा बदलतो, म्हणून मशीन ओरडतं. बघितल्याशिवाय बटण दाबलं तर ते नवीन आकड्यालाच बरोबर समजतं आणि शांतपणे पुढे चालू लागतं. मुलगी मान डोलवायची. काही दिवसांनी तो तिच्या हातावरचा हात काढून मागे उभा राहिला, मग आणखी मागे, मग दारापाशी. पण हॉलमधून गेला नाही. त्या दिवसांत मी पुन्हा झोपू लागलो होतो.

मग ब्रदरला गल्फमध्ये नोकरी लागली. आम्ही पेशंटांनी त्याला पेढ्यांचा बॉक्स दिला. आमच्यातल्या एकालाही तो पेढा चालणार नव्हता, म्हणून त्याने तो बंदच घरी नेला.

त्याच्या जागी कोणी आलं नाही. महिनाभर आम्ही विचारत राहिलो, "नवीन माणूस कधी?" काउंटरवरचे इन्चार्ज म्हणायचे, "स्टाफ आहे की." तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्टाफ म्हणजे ही मुलगी आणि तिच्यासारखी चार पोरं. परीक्षा व्हायची होती, निकाल लागायचा होता, आणि इन्चार्ज तिला सांगत होते, "आता तूच सीनियर." डॉक्टर यायचे, फेरी मारायचे, जायचे. बायको घरी विचारायची, "आज कोण होता सुई लावूक?" मी म्हणायचो, होता एक जण. तिला काय सांगणार?

पुढे नवी मुलं आली. त्यांना शिकवायला ही मुलगी, आणि तिच्यासमोर मशीनांनी भरलेला हॉल. एक पेशंट उलटी करतोय, एकाचं प्रेशर खाली आलंय, दारात पुढची शिफ्ट उभी. तिने नव्यांना सांगितलं, हात दिसला पाहिजे. का, ते सांगायला तिला वेळ मिळाला नाही. त्या मुलांनी त्यांच्या मागून आलेल्यांना सांगितलं, आवाज झाला तर हे बटण. ब्रदरने शिकवलेलं असं एकेका हातातून पुढे जाताना गळत गेलं आणि शेवटी नुसतं बटण उरलं. मी हे खुर्चीतून बघत होतो. हॉलमध्ये मशीनं पूर्वीइतकीच ओरडायची, पण पूर्वीपेक्षा लवकर गप्प व्हायची. बाकीच्यांना तो शांतपणा आवडायला लागला होता. मी मात्र दर वेळी मान वळवून कोणाचं मशीन ते बघायचो.

माझ्या शेजारच्या खुर्चीत विक्रोळीचे एक आजोबा बसायचे. एके काळी परळला गिरणीत होते, मूळचे आमच्याच बाजूचे, मालवणकडचे. त्यांना भयंकर थंडी वाजायची. घरून गोधडी आणायचे आणि ब्रदर असताना रोज बोलणी खायचे, कारण हळूच हात आत घ्यायचे. ब्रदर गेल्यावर बोलणारं कोणी उरलं नाही.

त्या सकाळी आजोबांचं मशीन ओरडलं. नव्या बॅचमधला एक मुलगा आला, बटण दाबलं, आजोबांकडे बघून गोड हसला आणि गेला. थोड्या वेळाने परत ओरडलं. परत आला, परत दाबलं. त्यानंतर मशीन ओरडलं नाही. आजोबा गोधडीत गळ्यापर्यंत गुरफटून पडले होते, झोपल्यासारखे. माझी नजर सहज खाली गेली. त्यांच्या खुर्चीखाली लादीवर काहीतरी काळपट सांडलं होतं आणि गोधडीच्या टोकातून टपटपत होतं. मला वाटलं, चहा सांडला. आम्हाला तिथे चहा मिळत नाही, हे डोक्यात यायला एक क्षण गेला.

"ए पोरी," मी ओरडलो, "आजोबांचा हात बघ."

कोळीवाड्यातली मुलगी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. ती धावत आली. गोधडी ओढली, पंप थांबवला, नळ्यांना चिमटे लावले आणि हाताच्या भोकावर गॉज दाबून धरलं. त्या सगळ्यात ती एकदाही गोंधळली नाही. आजोबांचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं, त्यांना हॉस्पिटलात नेलं. माझ्या दोन्ही सुया आत होत्या, मला उठताही येईना. सफाईच्या मावशी लादी पुसत होत्या आणि फडकं पुन्हा पुन्हा पिळत होत्या.

तो मुलगा भिंतीला टेकून उभा होता. म्हणत होता, "मला सांगितलं होतं की आवाज झाला की हे दाबायचं. पेशंट घाबरतात म्हणून." तो खोटं बोलत नव्हता. सकाळी मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटत होती, संध्याकाळपर्यंत राग उरला नाही. क्लच कुठे आहे तेही न सांगता कोणी पोराला घाटात गाडी घेऊन पाठवलं, तर मी पोराला मारणार का? सेंटरने त्याला कॉलेजला परत पाठवलं. कॉलेजने दुसऱ्या सेंटरला. तिथल्या मशीनलाही तसंच बटण असणार.

आजोबा वाचले, असं मावशींकडून कळलं. ते आमच्याकडे परत मात्र आले नाहीत, मुलाने त्यांना दुसरीकडे नेलं.

त्या सकाळी मला मशीनवरून काढताना मुलगी रडत होती. मी म्हटलं, "तू वाचवलंस त्यांना." ती म्हणाली, "काका, मी कुणाकुणाला शिकवू? मीच शिकायला आलेय ना."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. डायलिसिस नसलेल्या दिवशी मी मेट्रोने अंधेरीला त्यांच्या कॉलेजात गेलो. बायकोने दारातच अडवलं होतं. "गप रवाक काय जाता तुमचा? उद्या त्यांनी मशीन लावूचा नाय म्हटल्यानी तर काय करतलात?" ती चूक नव्हती. माझा जीव त्या मशीनला बांधलेला आहे, आणि भांडायला मी त्याच लोकांशी निघालो होतो. जिना चढताना दम लागला आणि भीतीही वाटली.

मुलांना कामावर पाठवण्याचं सगळं एका मॅडमकडे होतं. दमलेल्या होत्या, पण माणूस चांगलं. मला पाणी दिलं, तेही अर्धाच ग्लास. पेशंटला पाणी मोजून चालतं हे त्यांना न सांगता कळलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, खरं सांगू? सेंटर मिळत नाहीत. अटी घातल्या तर मुलांना घेतच नाहीत. शिक्षक आम्ही मोजके. मुलांचे तास पूर्ण झाले पाहिजेत, नाहीतर डिग्री अडकते."

"तास पूर्ण होतील हो," मी म्हटलं. "माझ्याकडेही लोक यायचे, पंधरा दिवस झाले, लायसन्स द्या. मी विचारायचो, चढावर गाडी थांबवून परत काढता येते का? येत नसेल तर पंधरा दिवसांचं मी काय करू? पोरांनी कामावर शिकावं याच्या मी विरुद्ध नाही, मॅडम. वर्गात कोणाला सुई टोचता येणार आहे? त्यांनी माझ्यावर शिकावं, माझा हात आहे. पण मागे शिकवणारं माणूस पाहिजे, सेंटरचं नाहीतर तुमचं. आणि ज्याला अजून शिकायचंय त्याला स्टाफ म्हणून मोजू नका. एवढं तुम्ही अडून मागा. सगळ्या कॉलेजांनी मागितलं तर सेंटरवाले कुठून आणणार दुसरी मुलं?"

त्यांनी माझा रिकामा ग्लास उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचं पटतंय मला. पुढच्या वर्षीपासून बघते काही करता येतं का."

"मॅडम, माझी पुढची सुई उद्या आहे."

दोनेक आठवड्यांनी एका सकाळी त्या खरंच सेंटरमध्ये आल्या. इन्चार्जना सांगून हॉलमध्ये उभ्या राहिल्या, शिफ्ट संपेपर्यंत. एका मुलाने मशीन ओरडल्यावर बटणाकडे हात नेला तर त्यांनी मनगट धरलं आणि विचारलं, "आधी काय बघायचं?" एकेका मुलाला खुर्चीजवळ नेऊन का ते समजावलं. पोरं आनंदली होती, खरंच. कोणीतरी विचारत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या दिवशी ब्रदर गेल्यानंतर पहिल्यांदा मला झोप लागली.

मग कॉलेजच्या परीक्षा आल्या आणि मॅडम पुन्हा आल्या नाहीत. कोळीवाड्यातली मुलगी पास झाली, तिला बोरिवलीच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. जाताना पाया पडली. मी म्हटलं, "तिथे नवीन पोरं आली तर?" ती म्हणाली, "शिकवीन, काका. वेळ दिला तर." तिच्यामागून मॅडमनी शिकवलेली मुलंही एकेक करून गेली.

आता मी झोपत नाही. ठरवूनच टाकलंय. सुई लावायला जो येईल त्याला मीच सांगतो, हात उघडा ठेव, मशीन ओरडलं तर आधी हात बघ. परवा एका मुलाने ऐकून घेतलं, सुया नीट लावल्या आणि मी निवांत बसलो. पण मधेच माझं प्रेशर खाली आलं. अशा वेळी आपण ठरवून काही होत नाही, डोळे आपोआप मिटतात.

जाग आली तेव्हा अंग छान ऊबदार झालं होतं. हॉल शांत होता. बायकोने पिशवीत घातलेली गोधडी माझ्या गळ्यापर्यंत होती आणि माझे दोन्ही हात आत होते.

मी हलायचं धाडस केलं नाही. आधी लादीकडे बघितलं. मग उजव्या हाताने गोधडी हळूहळू बाजूला केली. सुया जागेवर होत्या, हात कोरडा होता. आतली घरघर मला कानांत ऐकू येत होती.

एक मुलगी लगबगीने आली. आधी कधी बघितली नव्हती, त्याच दिवशी आलेली. म्हणाली, "उठलात, काका? थंडीने कुडकुडत होतात, म्हणून मी पांघरलं."

"मशीन ओरडलं होतं?"

"हो, मधे मधे. मी लगेच बटण दाबून आवाज बंद केला. म्हटलं, तुमची झोप मोडायला नको."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही," ती म्हणाली, "माझं मीच केलं." आणि शाबासकीची वाट बघत तिथेच उभी राहिली.