कांडीवालीची रजा

कामगार बाईच्या बाळंतपणाचा पगार सरकारी विमा देणार, हे मी सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी ताटात परत ठेवला आणि विचारलं, "आन् आपल्याकडून काय घेनार?"

प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्याही मनात तोच होता, पण सुनेने सासऱ्याच्या आधी संशय घेणं बरं दिसलं नसतं. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. भिवंडीत, नारपोलीला आमची पॉवरलूमची शेड होती. पूर्वी तिथे सासऱ्यांची भातशेती होती, मग लूम आले. शेड एकच, पण कागदावर तिचे चार कारखाने होते: एक सासऱ्यांचा, एक नवऱ्याचा, एक दिराचा आणि एक माझा. कामगार चार ठिकाणी विखुरले की संख्या कमी भरते आणि कुठल्याच कारखान्याला विमा लागू होत नाही, अशी ती युक्ती. लग्न होऊन आले आणि वर्षाच्या आत मी कारखानदारीण झाले, तेही मला कुणी न विचारता. पुढे एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं. त्या कंपनीची अट होती की सगळ्या कामगारांचा विमा हवा. मग चार कारखाने पुन्हा एक झाले आणि मी बी.कॉम. असल्यामुळे ऑफिसची खुर्ची माझ्या गळ्यात पडली.

माझा स्वभाव मुळात संशयी. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर जास्त घातली तर मी ती उलटीपालटी करून बघते. सासरे म्हणायचे, "ही बया आरशात बघंल तरी इचारंल, तू कोन गं?" तेव्हा विम्याची योजना मला समजावून सांगणाऱ्या सल्लागाराचं काय झालं असेल, याची कल्पना करावी. पगारातून कामगाराचा थोडा वाटा जातो, मालकाचा जास्त जातो, आणि कामगार आजारी पडला किंवा बाई बाळंत झाली तर घरी बसल्या काळाचा पगार विमा देतो, मालकाला भुर्दंड नाही. इतकं सरळ ऐकल्यावर मला अधिकच धास्ती वाटली. कामगारांना तर माझ्याहून जास्त. कापलेला पैसा परत आलेला कुणी पाहिलाच नव्हता. आमचा फिटर हसून म्हणाला, "भाभी, बीमार पडेंगे तो सीधा गाँव जाएँगे, दवाखाना काहे को?"

त्यामुळे आमच्याकडून रजेच्या पगाराचा पहिला अर्ज गेला तो एका कांडीवालीचा. लूमच्या धोट्यात सुताची जी नळी बसते ती कांडी. कांड्या भरायचं मशीन शेडच्या एका कडेला असतं आणि त्यावर बहुतेक बायकाच बसतात. ही बाई अंबाडीकडच्या एका गावातली, लग्नानंतर नारपोलीच्या चाळीत राहायला आलेली. हडकुळी, कमी बोलणारी. एक दिवस ऑफिसच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, मला दिवस गेलेत."

मी अभिनंदन करण्याआधी तिचा विमा कधी सुरू झाला ते मनात मोजलं. हे तिला माझ्या डोळ्यांत दिसलं असावं. तिने मग कधी नव्हे ते एका दमात सगळं सांगून टाकलं. "पयला गेला माजा. तवा दुसऱ्या कारखान्यात व्हते. आठवड्यात कामावर आल्ते मी, न्हाय तर मशीन गेली असती. घरी सासूनं वरचं दूध पाजलं. या टायमाला मी उठनार न्हाय, वहिनी. त्यो इम्याचा पगार खरंच देतात का?"

"कागदावर तर देतात," मी म्हणाले. तिला हे उत्तर आवडलं नाही. मलाही आवडलं नव्हतं, पण जास्त खात्री द्यायला माझ्याकडे खात्री नव्हती.

ती रजेवर गेली तेव्हा तिच्या जागी तिची जाऊ आली. इथे भिवंडीतली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कुणी रजेवर जाताना जागा रिकामी ठेवत नाही. विणकर गावी निघाला की लूमवर आपला चुलतभाऊ नाहीतर मेहुणा बसवून जातो. त्याला बदली म्हणतात. हा बदलीवाला शेडमध्ये असेपर्यंत मूळ माणसाच्याच नावाने ओ देतो. त्याचं खरं नाव विचारा, तो सांगणार नाही, हसून टाळेल. कारण मालकाच्या तोंडी नव्या माणसाचं नाव बसलं की जुन्याची जागा गेली, असं सगळे धरून चालतात, आणि मालकांचा इतिहास पाहता त्यांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. ही जाऊही पहिल्या दिवसापासून कांडीवालीच्या नावाने ओ देऊ लागली. मी मात्र कागद स्वच्छ ठेवले. कांडीवालीची रजा ती रजा, जावेचा पगार वेगळा, सही वेगळी. सरकारी कामात कुठून काय अंगावर येईल सांगता येत नाही, हे मी पक्कं धरलं होतं.

बाळ झाल्याचं कळलं तशी मी पाचवीला तिच्या घरी गेले. डिंकाचे लाडू नेले, बाळाला अंगडं-टोपडं नेलं. अर्धी कौतुकाने गेले आणि अर्धी खात्री करायला, खोटं कशाला सांगू. मला बघताच तिने बोट काजळात बुडवून बाळाच्या गालावर तीट लावली. म्हणजे माझ्याबद्दल तिलाही खात्री नव्हतीच. मुलगा होता, मुठीएवढं तोंड. रडायचा तेही दमून. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की याला फक्त अंगावरचं दूध, ऊब, आणि कापसाच्या भुशापासून लांब. मला वाईट वाटलं आणि विमा असल्याचं पहिल्यांदा बरं वाटलं. घरी येऊन मी तिच्या अर्जाचे कागद पुन्हा तपासले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रिक्षाने जाऊन दिले.

त्यानंतर काही दिवसांनी विमा कचेरीतले एक साहेब न सांगता आले. सडसडीत, सभ्य, पांढरा बुशशर्ट. ते ऑफिसात न येता सरळ शेडमध्ये शिरले. मी कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलत होते. लूमच्या खडखडाटात साहेबांनी मोठ्याने कांडीवालीचं नाव पुकारलं. जाऊ पदर सावरून उभी राहिली.

"तुम्हीच का त्या?"

"व्हय, मीच."

"बाळंतपण झालं?"

"झालं की."

"मुलगा ना? कसा आहे?"

"बरा हाय. शालंत जातो आता."

हे सगळं मला फिटरने नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. बिचारीने नाव कांडीवालीचं घेतलं आणि मुलगा स्वतःचा सांगितला. मी धावत शेडमध्ये पोचले तेव्हा साहेबांनी पेनचं टोपण काढलेलं होतं.

"साहेब, ही ती नाही. ही तिची जाऊ, बदलीवर आलीय," मी म्हणाले.

साहेब माझ्याकडे बघून गोड हसले. "मॅडम, बाई स्वतः सांगते मीच म्हणून. आणि मालक सांगतात ती नव्हे. मी कुणाचं ऐकू?"

"बाई, खरं सांग," मी जावेला म्हणाले.

जावेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही डाव टाकलाय. मालकीण सरकारी माणसासमोर आपलं खरं नाव काढू बघतेय, म्हणजे कांडीवालीची जागा घालवायला बघतेय, एवढंच तिला कळलं. "मीच ती," ती पुन्हा म्हणाली, पहिल्यापेक्षा मोठ्याने. मला तिच्या मुस्कटात मारावीशी वाटली आणि तिला मिठीही मारावीशी वाटली.

साहेबांना आता सगळ्यांचाच संशय आला, आणि मला साहेबांचा. त्यांच्या संशयालाही कारणं कमी नसणार. खोटे कामगार, उसनी पोटं, कुणाच्या नावावर कुणाचं बाळ, असलं त्यांनी आमच्या गावात पुष्कळ पाहिलं असेल. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात येतो, दोघींना समोर उभं करा.

पुढच्या आठवड्यात कांडीवाली बाळाला घेऊन आली. डोक्याला घट्ट रुमाल, कानात कापूस, बाळ दुपट्यात असं गुंडाळलेलं की नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. जाऊ शेजारी खाली मान घालून उभी. घरी तिला चांगलंच ऐकवलेलं दिसत होतं. या खेपेला तिने स्वतःचं नाव सांगितलं, पण इतक्या हळू की साहेबांना ते पढवलेलं वाटलं.

"मग कामगार नक्की कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी," कांडीवाली म्हणाली. "दीड वर्स मशीनीवर हाय."

"ते आत्ता कळेल. मशीन चालवून दाखवा."

बाळाचे कागद समोर, डॉक्टरांचा दाखला समोर, मग या माणसाला मशीन कशाला चालवून बघायचंय? रजेचा पगार हवा असेल तर रजेच्या काळात काम करायचं नाही, हे कलम मी नुकतंच वाचलं होतं. मी मध्ये पडले. "बसू नकोस. साहेब, ती ओली बाळंतीण आहे. ती मशीनवर बसणार नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम," साहेब म्हणाले.

"चल, घरी जा तू," मी तिला म्हणाले. "मी बघते काय ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते, कारण ती माझीच आहे. भाजीवाल्याकडे मी तशीच बघते. ही का नको म्हणतेय? आपण खऱ्या कामगार ठरलो तर हिचं काय जातं? स्वस्तात जाऊ मिळाली म्हणून तर नाही? तिने बाळ जावेच्या हातात दिलं, स्टुलावर बसली, रिकाम्या नळ्या चढवल्या आणि मशीन सुरू केलं. सूत तुटलं तिथे न बघता गाठ मारली. कांड्या भरून निघाल्या. बाळ रडायला लागलं तरी तिने मान वळवली नाही, साहेब "पुरे" म्हणेपर्यंत.

साहेब समाधानाने मान डोलावत होते. चहा घेऊन, नमस्कार करून गेले. कांडीवालीने बाळाला उराशी घेतलं आणि जाताना मला म्हणाली, "पटलं बगा त्यांना." तिच्या बोलण्यात मला हरवल्याचा आनंद होता.

महिन्याभराने पत्र आलं. रजेच्या कालावधीत सदर कामगार प्रत्यक्ष कामावर आढळून आल्याने अर्ज नामंजूर. मी दोनदा वाचलं. इतकी संतापले की ऑफिसातला पेपरवेट भिंतीवर मारला. वर दाद मागता येते असं सल्लागार म्हणाला. मी लांबलचक तक्रार लिहिली, साहेबांनीच बसवलं होतं हेही लिहिलं, फिटरची साक्ष जोडली. पोच मिळाली. पुढे ती तक्रार कुठे गेली ते त्या कचेरीलाच ठाऊक.

सासरे एवढंच म्हणाले, "मी तवाच इचारलं व्हतं." ते बरोबर ठरले याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

पत्र आल्यावर दोन दिवसांनी कांडीवाली कामावर हजर झाली. बरोबर बाळ आणि एक जुनी साडी. मशीनच्या मागे लोखंडी खांब होते, त्यांना ती झोळी बांधायला लागली. शेडमध्ये कापसाचा भुसा नेहमीसारखा उडत होता, खिडकीतून ऊन आलं की तरंगताना दिसतो तसा. मी तिला हाताला धरून बाहेर ओट्यावर आणलं. बाळाचा जीव असा घालवू नकोस म्हटलं. रजा पुरी होईपर्यंत घरी राहा, पगार मी देते, माझ्या पदरचा. कागद नको, सही नको, कापून घेणार नाही, जागाही तुझीच. सासऱ्यांना, नवऱ्याला, कुणालाही न विचारता बोलत होते मी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काहीही मनात न ठेवता बोलत होते.

तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. बाळाच्या तोंडावरची माशी हाकलली.

"कशापायी देता?" तिने विचारलं.

"कशापायी म्हणजे? असंच. तो जगावा म्हणून."

ती थोडी हसली. रागाने नाही, आम्ही दोघी एकाच वर्गात शिकल्यासारखी.

"वहिनी, माज्या जागी तुमी असत्या तं घेतलं असतं?"

तिने मला उत्तर द्यायला पुरेसा वेळ दिला. मग बाळाला घेऊन आत गेली, त्याला झोळीत घातलं, झोळीवर साडीचं टोक टाकलं आणि मशीन सुरू केलं.