सहाव्या धड्यातली मुलगी

अशुभाचं पोस्टकार्ड वाचलं की लगेच फाडून टाकायचं, ही आपल्याकडची रीत. दीड महिन्यापूर्वी अकोल्याहून दिगंबर गेल्याचं कार्ड आलं, ते मी उभ्या उभ्या वाचलं आणि फाडलं. इतक्या वर्षांचा मित्र... पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही. राग आला. आता भांडायचं कुणाशी?

अमरावतीच्या शाळेत आम्ही दोघे इंग्रजी शिकवायचो. 'डू नॉट'चं 'डोन्ट' करताना 'नॉट'मधला 'ओ' जातो आणि त्याच्या जागी वर अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह येतं, एवढी गोष्ट पोरांच्या डोक्यात शिरता शिरत नसे. साहेब तपासणीला आला की आमची फजिती ठरलेली. माझी सात वर्षांची गोदी पुठ्ठ्याची अक्षरं मांडून खेळायची. एकदा मी 'ओ' उचलला, तर तिनं सुपातला ज्वारीचा दाणा आणून रिकाम्या जागी ठेवला. म्हणाली, "बाबा, त्याले परत याचं असन तर जागा दिसली पायजे ना." दुसऱ्या दिवशी मी वर्गात ज्वारी नेली. पोरं हसली, पण चिन्ह पुन्हा कुणी विसरलं नाही. दिगंबर गोदीला मास्तरीणबाई म्हणू लागला.

पुढच्या वर्षी तापानं गोदी गेली. आठ दिवस दिगंबर माझ्याबरोबर तिच्या उशाशी बसला होता, हे मी नाकारत नाही. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

अकोल्याला बदली झाल्यावर तो इंग्रजीचं पुस्तक लिहू लागला. मी माझी टिपणवही त्याला देऊन टाकली. म्हटलं, माझं नाव नको, पण दाण्याच्या धड्यात गोदीचं नाव येऊ दे. तिचा साधा फोटोही नव्हता आमच्याकडे. त्यानं माझा हात धरला. "हे का सांगा लागते?"

पुस्तक वऱ्हाडभर शाळांत लागलं. सहाव्या धड्यात सूप, ज्वारी, गोदीचं बोलणं, सगळं होतं. मुलीचं नाव मात्र शांता. त्याची शांता तेव्हा चार वर्षांची, एबीसीडीही येत नव्हती तिला. मी पत्र टाकलं. उत्तर आलं, मेलेल्या पोरीचं नाव मुलांच्या पुस्तकात बरं दिसत नाही. वा रे मित्रा. त्यानंतर मी त्याचं तोंड पाहिलं नाही.

तेरवीला गेलो. शांता आता स्वतः शाळेत शिकवते. रडून डोळे सुजलेले. पाया पडून म्हणाली, "काका, थे दाणा ठेवनारी मीच ना? मले काही आठवत नाही. बाबा सांगत. तुमी होते ना तवा?"

तिचा काय दोष... "हो बेटा," मी म्हणालो, "तूच होतीस."

घरी येऊन हिला सांगितलं. हिनं माझं ताट वाढलं आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. दिगंबरनं केलं तेच मी केलं होतं, आणि मी तर बाप.

शांता, तू हे वाचशील. पोरी, माफ कर मला. ती मुलगी तू नव्हतीस. तिचं नाव गोदावरी.