खंडेनवमीचा विसावा

प्रफुल्लचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावात ते अजून चालूच होतं. म्हणजे असं, की हळद कुणाच्याही घरची असो, मांडवात धवला लागला की नवऱ्याच्या जागी नाव यायचं प्रफुल्लचं. खरा नवरा पाटावर पिवळा होऊन बसलेला, आणि स्पीकरमधून आवडाबाई मांडवात बोलावतायत प्रफुल्लला. पोरं खिदळायची. "दादूस, किती वेळा बसशील रे पाटावर?" त्याची बायको निशिगंधा म्हणायची, मी माझ्या सवती मोजायच्या सोडून दिल्यात.

आवडाबाई म्हणजे प्रफुल्लची आई, डोंबिवली पूर्वेकडच्या त्या गावठाणातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून येतो, आधी लागते ती धवलारीण. ती धवले म्हणून देवांना, पूर्वजांना, नवरानवरीला नावानिशी मांडवात बोलावते. यातलं एक अक्षर कागदावर नाही. आवडाबाईंना ते सासूकडून आलं, सासूला तिच्या सासूकडून. आता भाताच्या खाचरांवर टॉवर उभे राहिले आणि शिकणारं कुणी राहिलं नाही. निशिगंधा बसली शिकायला, पण तिला चाल यायची तर शब्द यायचे नाहीत. शेवटी एका हिवाळ्यात प्रफुल्लने चांगला माईक आणला, आईला आतल्या खोलीत बसवलं आणि एकेक धवला रेकॉर्ड केला. लग्न नसताना नवऱ्याचं नाव कुणाचं घेणार, असं त्याने विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "कुनाचा घेऊ? तुजाच घेतंय. मना दुसरा पोर हाय क?"

ते सगळं गेलं जिन्याखालच्या डब्यात. डबा म्हणजे सर्व्हर. प्रफुल्ल घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायच्या कामावर होता. कंपनीने भंगारात काढलेला एक सर्व्हर त्याने घरी आणला आणि जिन्याखाली, जिथे त्याच्या आजाच्या काळी मिठाच्या गोणी असायच्या, तिथे बसवला. भावकीचे फोटो त्यात, देवळाच्या जत्रेचे व्हिडिओ त्यात, गल्लीचा कॅमेरा त्यात. आपलं ते आपल्या घरात, परक्याच्या कंपनीत कशाला ठेवायचं, हा त्याचा हेका. अर्ध्या गावाच्या मोबाइलची वाट त्या जिन्याखाली यायची. लाइट गेली तर इन्व्हर्टर होता, तो बसला तर वर आणखी एक बॅटरी होती. बसवल्यापासून डबा एकदाही बंद पडलेला नाही, हे तो दिसेल त्याला सांगायचा आणि माणसं चहा संपवून उठायची.

डब्यात दोन डिस्क होत्या. जे एकीवर उतरायचं तेच दुसरीवर उतरायचं, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहेच. दोन्ही त्याच भंगारातल्या आणि एकाच वयाच्या.

सुरुवातीला त्याने धवले गावभर वाटले होते. मग एका हळदीत कुणा डीजेवाल्याने आवडाबाईंच्या आवाजाखाली ढोल घुसडला, आणि प्यायलेली पोरं देव बोलावायच्या धवल्यावर शर्ट काढून नाचली. आवडाबाई मांडवातून उठल्या त्या घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. प्रफुल्लचं डोकं फिरलं. तो दारोदार गेला, एकेकाचा मोबाइल मागून घेतला आणि धवले पुसले. पेन ड्राइव्ह मोडले. कुणी तोंड वाकडं केलं तर त्याला शिव्या घातल्या. "जमीन दिली तुम्ही. आवाज नाय देणार मी." यापुढे ज्याच्या घरी लग्न असेल त्याने प्रफुल्लला सांगायचं, तो डब्यातून मांडवापुरता धवला लावून देईल, पण उतरवून कुणालाच घेता येणार नाही. माणूस वाईट नव्हता हो, पण हट्टाला पेटला की देवाच्या बापाचंही ऐकायचा नाही.

ऑफिसातला त्याचा मित्र महेंद्र कोपरीला राहायचा. त्याच्याही घरी असाच एक डबा होता. तो कितीदा म्हणाला, "अरे, एक कॉपी माझ्याकडे टाकून ठेव ना. तुझं माझ्याकडे, माझं तुझ्याकडे. पाहिजे तर कुलूप लावून दे, मी काय उघडून बघणारे?" रास्तच बोलत होता. प्रफुल्ल म्हणाला, बघू. ते बघू शेवटपर्यंत बघूच राहिलं.

मग आवडाबाईंना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजायचं सगळं, पण बोलायला जावं तर घशातून एकच घोगरा आवाज यायचा, आणि तो ऐकून म्हातारी स्वतःच रडायची. जिने साऱ्या गावाची नावं घेतली तिला पाणी मागता येईना. ठाण्याला बोलणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी शाबूत असतं, यांना पाठ असलेलं काही रोज लावून बघा.

प्रफुल्लने सकाळच्या चहाला धवला लावला. पहिले काही दिवस ती नुसती ऐकायची. मग ओठ हलायला लागले. आणि एका सकाळी शब्द आले. डब्यातल्या आवडाबाई पुढे, खाटेवरच्या आवडाबाई मागे, चाचपडत, पण एकेक शब्द स्वच्छ. रेकॉर्डिंग थांबलं की तोंडही थांबायचं. गाणं सरकत सरकत नवऱ्याच्या नावापाशी आलं आणि आई म्हणाली, "परफुल."

चाळिशीचा बाप्या, स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडला. निशिगंधाने गॅस बारीक केला आणि त्याला रडू दिलं.

तेव्हापासून तो नेमच झाला. सकाळी चहा, धवला, आणि आईच्या तोंडून एकदा आपलं नाव. ते कानावर पडल्याशिवाय तो घराबाहेर पाऊल टाकायचा नाही, मग घोडबंदर रोडला गाड्या तुंबोत नाहीतर काही होवो. उरलेला दिवस आई मुकी. पण त्याला तेवढं पुरायचं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस विसावा. प्रफुल्लचे वडील काळुराम जाऊन जमाना झाला, तरी त्यांचा कोयता आणि मिठागरातलं फावडं दरवर्षी पाटावर यायचं. शेजारी विळी, शेजारी प्रफुल्लचा लॅपटॉप. डब्याची पूजा मात्र तो चालूच ठेवून करायचा. वाचा होती तेव्हा आवडाबाई त्यावरून दरवर्षी कुरकुरायच्या. "फावऱ्याला इसावा, इलीला इसावा, न् यानी काय पाप केलाय? बारा महिने घरघरतंय गरीब." प्रफुल्ल हसून टाळायचा.

यंदा टाळता येईना. म्हातारी काठी टेकत टेकत जिन्याखाली जाऊन बसली. डावा हात डब्यावर ठेवला, मग तोच गालाखाली घेऊन मान कलती केली. झोपव याला. प्रफुल्लने समजावलं. तिने चहा घेतला नाही. धवला लावला तर ओठ घट्ट मिटून बसली. दुपारचं ताट आलं तेही सरकवलं. हा आपल्यासाठी रोज राबतो, आपल्याला वाचा देतो, मग याला एक दिवस नको? तिला हे बोलता येत नव्हतं, पण घरातल्या सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

आणि प्रफुल्लला ठाऊक होतं. जुनी डिस्क फिरते आहे तोवर फिरते, एकदा थंड झाली की पुन्हा उठेलच याचा भरवसा नाही. ऑफिसात नव्या पोरांना हे त्यानेच शिकवलं होतं. आधी निदान धवले तेवढे लॅपटॉपवर उतरवावेत, हेही मनात आलं. किती वेळ लागला असता? पण लॅपटॉप पुजलेला होता. कोयत्याशेजारी झेंडू घेऊन बसला होता, त्याला आज हात लावायचा नव्हता. मोबाइलवर घ्यायचं तर आपणच घातलेलं कुलूप काढायला लॅपटॉपच लागणार होता. एका रात्रीचा तर प्रश्न, असं म्हणून त्याने डबा बंद केला.

घरघर थांबली. आवडाबाईंनी डाव्या हाताने डब्यावर फूल ठेवलं, त्याच्यावरून हात फिरवला आणि जेवायला बसल्या.

दसऱ्याला सकाळी त्याने बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले. एक डिस्क नुसती टकटक करत राहिली, उठलीच नाही. पण दुसरी उठली. त्याने महेंद्रला फोन लावला. "बाकी कशाला हात लावू नको," महेंद्र म्हणाला, "आधी धवले काढ." प्रफुल्लने पाटावरचा लॅपटॉप ओढला. धवल्यांची नावं दिसली. पहिला उतरायला लागला, आणि डब्यातून खरवडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पलीकडे खाटेवर आई चहाचा कप धरून वाट बघत होती.

डिस्क मुंबईत एका जाणकाराकडे नेल्या. त्याने दोन्हींतल्या तबकड्याच काढून दाखवल्या, गोल ओरखडे पडले होते. यातून काही निघणार नाही, तो म्हणाला. भावकीचे फोटो गेले, पण ते लोकांच्या मोबाइलात होतेच. धवले तेवढे कुठेच नव्हते. जिथे जिथे होते तिथून प्रफुल्लनेच पुसले होते.

तो पुन्हा दारोदार गेला. ज्या दारांत शिव्या घातल्या होत्या त्याच दारांत उभा राहिला. कुणी टोमणा मारला नाही, त्याने त्याला जास्तच लागलं. लग्नांचे सगळे व्हिडिओ बघून काढले. शूटिंगवाल्यांनी विधींवर सिनेमाची गाणी चढवलेली. एका मोबाइलात तेवढं सापडलं, की एक बाई पोरांना दटावतेय, कुणाच्या हातून परात पडतेय, आणि त्याच्या मागे, लांबवर, आईचा आवाज. तेवढंच त्याने आईला लावून दाखवलं. तिने ओठ उघडले, काहीतरी शोधलं, आणि मिटले.

रोज सकाळी ती जिन्याकडे बोट करायची. रोज तो म्हणायचा, अजून विसावा चाललाय. किती दिवस पुरणार ते? डब्यावरचं फूल वाळून कोळ झालं होतं. एका सकाळी तिने ते स्वतः उचललं, तळहातावर धरलं, आणि बोट आपल्याच छातीवर टेकवून त्याच्याकडे बघितलं. मी? मी झोपवला म्हणून?

"नाय गो आये," प्रफुल्ल म्हणाला. "तुजा काय नाय त्यात. मीच पुसला. चुकून माज्या हातान सगला पुसला गेला."

म्हातारीने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? गावभरचे मोबाइल घेऊन पुसताना तिने त्याला पाहिलंच होतं. ती बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. त्या दिवसापासून तिने त्याच्या हातचा चहा घेतला नाही. निशिगंधाने दिला तर घ्यायची.

निशिगंधा चिडली. "खरं सांग ना तिला. सगळं स्वतःवर काय घेतोस?"

"काय सांगू?" तो म्हणाला. "तुझी वाचा तूच बंद केलीस, असं सांगू?"

पौषात आवडाबाईंना दुसरा झटका आला. तिरडी उठेपर्यंत प्रफुल्लला वाटत राहिलं की निदान एकदा ती आपल्याकडे बघायला हवी होती. शेवटचे दोन महिने तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं नाही, आणि तो रोज सकाळी तिच्या उशाशी चहा ठेवून ऑफिसला जात राहिला. तो चहा निशिगंधा मागाहून ओतून टाकायची.

वैशाखात त्याच्या चुलतभावाच्या मुलाचं, आर्यनचं, लग्न निघालं. धवला हवा म्हणून शहाडच्या पलीकडून रखमाबाई नावाची धवलारीण आणली. म्हातारी, दात पडलेले, पण आवाज खणखणीत. तिची चाल वेगळी होती, शब्दही थोडे वेगळे होते. प्रफुल्ल मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. देव बोलावून झाले, पूर्वज बोलावून झाले, आणि धवला नवऱ्याच्या नावाकडे यायला लागला. सवयीने दोनचार पोरं त्याच्याकडे बघून हसली. निशिगंधाने मान वळवली.

रखमाबाईने नाव घेतलं, आर्यन. बरोबरच होतं, नवरा तोच होता. पण त्याच जागेवर प्रफुल्लचेही ओठ हलले आणि तोंडातून नाव बाहेर पडलं, आई म्हणायची तसंच, परफुल. मांडवात कुणाला ते ऐकू गेलं नाही.