तू होतीस का तिथं?

साळवेबाईंच्या समोर कुणी कुणाबद्दल वावगं बोलू लागलं की त्या आधी हातातलं काम खाली ठेवायच्या. मग ती विळी असो, सुई असो की नातवाची वही. चष्मा नाकावर नीट बसवून त्या बोलणाऱ्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "तू होतीस का तिथं?" आवाज अजिबात चढलेला नसायचा. समोरची बाई बहुतेक वेळा 'तसं नाही, पण सगळेच म्हणतात' असं काहीतरी पुटपुटायची. "मग सगळ्यांना बोलाव," असं म्हणून बाई पुन्हा बांगडा साफ करायला घ्यायच्या. सिंगापूरच्या बेडोकमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये या एका प्रश्नापायी कितीतरी खमंग बातम्या अर्ध्यावर गतप्राण झाल्या.

बाई नगरच्या. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि मुलाकडे, सुहासकडे, सिंगापूरला आल्या. आम्ही त्यांच्या दोन मजले खाली राहायचो. मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत हिशेबनिशी करत होते आणि रविवारी जिवाला बरं वाटावं म्हणून पेटी वाजवत होते. अशाच एका रविवारी दार वाजलं. शेजारच्यांची तक्रार आली असणार म्हणून मी माफीची इंग्रजी वाक्यं जुळवतच दार उघडलं, तर समोर पांढऱ्या पातळातल्या, उंच, काटक बाई. नाव-गाव काही न सांगता त्यांनी विचारलं, "काळी चारमध्ये वाजवता येतं का?" येतं म्हटल्यावर त्या आत आल्या, चपला काढल्या आणि सतरंजीवर बसून गायलाच लागल्या. तेव्हापासून मी त्यांची पेटीवाली झाले. माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाची जुनी चाल आहे, हे पुण्यात वाढलेल्या मला ठाऊकही नव्हतं. बाईंचे वडील कमरेला उपरणं बांधून गावोगाव प्रभूचं कीर्तन करत. नमन, पूर्वरंग, अभंग, आख्यान, सगळं आपल्याकडे असतं तसंच. फक्त आख्यानातली माणसं येशूच्या गालीलची. बाईंनी ते वडिलांच्या मागं टाळ धरून उचललं होतं. सुहास लहानपणापासून तबला शिकला होता, तोही आईच्याच सोयीसाठी. घरात ठेका फार वेळ चालला की नातू शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीच्या ऐटीत म्हणायचा, "आजी, सो लाऊड, कॅनॉट ला." मग आम्ही बिऱ्हाड खालच्या व्हॉइड डेकवर हलवायचो. इमारतीच्या तळाच्या त्या मोकळ्या जागेत कधी मलय लग्न असायचं, कधी चिनी मयत. बाईंना त्याचं भारी अप्रूप होतं. माणसाच्या दोन्ही वेळा एकाच छताखाली उरकतात, गाव शहाणं आहे, असं त्या म्हणायच्या.

बायबलातली मग्दालीया मरीया ही बाईंची सर्वांत लाडकी व्यक्ती. प्रभूनंतर लगेच तीच. तिच्याबद्दल त्या एखाद्या शाळासोबतिणीबद्दल बोलावं तसं बोलत, आणि तिची बदनामी ऐकली की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. त्या दिवसांत एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीमुळे तिच्याविषयी नवीच वावडी उठली होती, ती प्रभूची बायको होती म्हणून. ऑफिसमध्ये जेवताना सगळे त्यावरच बोलत. मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी विळी आडवी केली.

"आधी शेकडो वर्षं तिला वेश्या केलं. आता बायको केलं. शिष्या म्हणायला लोकांच्या जिभेला काय होतं, कोण जाणे."

याच सुमाराला केतकीचं प्रकरण झालं. केतकी सांगलीची. विद्यापीठात पोस्टडॉक करत होती आणि पाया लेबारजवळ देवधरवहिनींच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं घेऊन राहायची. देवधरवहिनी आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. वहिनी मनानं वाईट नव्हेत, पण त्यांच्या पोटात गोष्ट राहत नसे. केतकी गाणारी, हसरी मुलगी. ती एकाएकी दिसेनाशी झाली. खोलीत सामान तसंच, फोन बंद. कुणीतरी तिला एका चिनी माणसाच्या गाडीत बसताना पाहिलं होतं. एवढं भांडवल पुष्कळ झालं. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमापर्यंत लोकांच्या तोंडी केतकी त्याच्याबरोबर राहायला गेली होती, त्याला आधीची बायको होती आणि ती रडत होती. वहिनींनी हे बाईंना सांगितलं तेव्हा बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारलाच, पण या खेपेला त्यापुढे आणखी एक विचारला, "कुणी बघायला गेलं का तिला?"

कुणीच गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला अर्धी रजा टाकायला लावून बाई केतकीच्या प्रयोगशाळेत गेल्या. तो गाडीवाला चिनी माणूस तिथंच भेटला. तिचा सहकारी होता बिचारा. त्यानं खाली बघत सांगितलं की केतकी इस्पितळात आहे. बरेच दिवस ती झोपत नव्हती, जेवत नव्हती, भिंतीतून आवाज येतात म्हणत होती. त्यानंच तिला नेऊन दाखल केलं होतं. आम्ही गेलो तेव्हा केतकी खिडकीशी बसली होती. औषधांनी जड झाली होती, पण ओळख होती. बाईंनी तिचे केस विंचरले, वेणी घातली. काही विचारलं नाही. निघताना केतकीनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, मी आजारी होते हे कुणाला सांगू नका. पळून गेले म्हणत असतील, म्हणू देत. ते परवडलं."

हे मी आज लिहिते आहे, कारण केतकी आता स्वतःच चारचौघांत सांगते. तेव्हा मात्र आम्ही दोघींनी शब्द दिला होता, आणि तो पाळणं फार जड गेलं. केतकी बरी होऊन परत आली, कामावर जाऊ लागली, तर वहिनींनी तिला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. घरात वाढत्या मुली आहेत, असं कारण. दुसरं कुठलंही मराठी घर तिला ठेवून घ्यायला तयार होईना. सुहासच्या फ्लॅटमध्ये आधीच पाच माणसं, आमच्याकडे सासूबाई. डॉक्टरांनी तिला एकटं राहू नको म्हणून बजावलं होतं. शेवटी ती संशोधन सोडून सांगलीला परत जाण्याची भाषा करू लागली. खरं सांगितलं असतं तर वहिनींना कदाचित दया आली असती. पण खरं सांगायची चोरी होती. बाई त्या दिवसांत चिडचिड्या झाल्या होत्या. माझ्या पेटीवर विनाकारण ओरडायच्या.

त्यातच मंडळानं घोळ घातला. गुड फ्रायडेला जोडून आलेल्या शनिवारी पुण्याच्या एका बुवांचं कीर्तन ठरलं होतं. बुवांचं येणं रद्द झालं. वहिनींना कुणीतरी म्हणालं, आपल्या साळवेबाई कीर्तन करतात. वहिनींनी तिथल्या तिथं हॉल पक्का करून पत्रकंही वाटून टाकली. आख्यानाचा विषय विचारायला त्यांनी फोन केला, तेव्हा बाईंनी सांगितलं, मग्दालीया मरीया. मग वहिनींनी चाचरत विचारलं, म्हणजे रुक्मिणीस्वयंवर वगैरे नाही का जमणार. बाई म्हणाल्या, "वहिनी, सुट्टी माझ्या प्रभूच्या नावाची आणि आख्यान दुसऱ्याचं, हे बरं दिसतं का?" आणि पत्रकं तर वाटून झाली होती. बाईंनी एकच अट घातली. टाळ धरून मागं केतकी उभी राहील.

हॉल भरला होता. माणसं कुतूहलानं आली होती; निम्मं कुतूहल कीर्तनाचं, निम्मं केतकीचं. ती बाईंच्या मागं खाली मान घालून उभी होती, आणि पहिल्या रांगेतल्या कुजबुजीनं मला पेटीवर बोटं ठेवणं अवघड झालं होतं. बाईंनी नमन केलं आणि श्रोत्यांनाच विचारलं, ही मरीया कोण होती, माहीत आहे का? मागून कुणीतरी संकोचून म्हणालं, वाईट चालीची होती ना. हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. येशूची दुसरी एक शिष्या धड सांगता आली नसती, पण ही वाईट चालीची होती, एवढं पक्कं.

मग बाईंनी ती गोष्ट सोलून दाखवली. प्रभूची हकीकत चौघांनी लिहिली. चौघांपैकी एकानंही तिला तसं म्हटलेलं नाही. एवढंच लिहिलंय की तिच्यातून सात भुतं निघाली होती. म्हणजे बाई आजारी होती आणि बरी झाली. त्याच्या थोडं आधी दुसऱ्याच एका बाईची गोष्ट येते, पापी म्हटलेल्या, निनावी बाईची. पुढं रोमच्या एका थोर धर्मगुरूनं प्रवचनाच्या भरात त्या दोघींची एकच करून टाकली. झालं. एकीचं गाठोडं दुसरीच्या डोक्यावर गेलं, ते आजतागायत उतरलेलं नाही. प्रभूला वधस्तंभावर चढवलं तेव्हा मोठे मोठे शिष्य पसार झाले, आणि ही थांबली; पुढं पहाटेच्या अंधारात त्याच्या कबरीच्या दाराशीही हीच उभी. इथं बाईंनी स्वतः रचलेला अभंग लावला,

पहाट अंधारी । मरीया ती दारी ।
पळाले कैवारी । थांबली ती ॥

केतकीनं मागून सूर धरला. सुरुवातीला चिरका लागलेला तिचा आवाज दुसऱ्या आवर्तनाला मोकळा झाला. बाईंनी तिला तीनदा ते म्हणायला लावलं. मग हातानं थांबवलं, चष्मा काढून पदराला पुसला, आणि म्हणाल्या, "आता दुसरी गोष्ट. ही माझी स्वतःची."

त्या म्हणाल्या, लग्नानंतर माझं पहिलं मूल गेलं आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. इथं तबला थांबला. सुहास आईकडे बघतच राहिला. हे त्याला माहीत नव्हतं, मला नव्हतं, नगरमध्येही आता जिवंत असलेल्या कुणाला नसेल. बाईंनी मागं न वळता सांगितलं, "सुहास, ठेका चालू ठेव." त्यानं ठेवला.

"बरी होऊन गावात परत आले, तर लोक म्हणत होते, मास्तरीण ड्रायव्हरबरोबर पळाली होती. आमच्या घरच्यांनीही ते खोडलं नाही. आजार म्हटलं की लोकांना भीती वाटते, लफडं म्हटलं की गोडी वाटते. मी जन्मभर मुलींना खरं बोला म्हणून शिकवलं आणि हे एक कुणाला सांगितलं नाही. आज सांगते. बाई आजारी होती. बरी झाली. कामाला लागली. मरीयेचीही गोष्ट एवढीच आणि माझीही एवढीच. कुणा तिसरीची असली, तर तिचीही एवढीच असेल."

केतकीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मागं वळूनही पाहिलं नाही. पण हॉलमध्ये मूर्ख कुणी नव्हतं. केतकी रडत होती आणि टाळ वाजवत होती, दोन्ही एकदम. माझ्या पेटीचा भाता कसा चालला होता, मला आठवत नाही. बाईंचा मला फार अभिमान वाटला.

कीर्तन संपल्यावर देवधरवहिनी केतकीजवळ गेल्या. माफी वगैरे मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या म्हणाल्या, सोमवारपासून डबा घेऊन जात जा, नुसती हाडं राहिलीयत. खोली सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. त्यानंतर बाईंना एका बाजूला घेऊन त्यांनी डॉक्टरांची चौकशी केली. डोंबिवलीला त्यांचा असाच आजारी धाकटा भाऊ होता आणि वर्षानुवर्षं घरातल्या घरात कोंडलेला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. टॅक्सीतून ब्लॉकपाशी उतरल्यावर सुहासनं तबला खाली ठेवला आणि विचारलं, "आई, मला तरी सांगायचं होतंस."

"तुला सांगायचीच जास्त भीती होती," बाई म्हणाल्या.

या सगळ्याची किंमत बाईंनी मोजली. शनिवारी त्या ब्लॉकमधल्या मुलांना मराठी शिकवायच्या, त्यातली काही मुलं यायची बंद झाली. कुणी पोहण्याच्या वर्गाचं कारण दिलं, कुणी तेही दिलं नाही. मी संतापले. बाईंनी उरलेल्या मुलांना जास्तीची बाराखडी घातली. लोक भितात, भिऊ देत, आपण दार लावायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढं बाईंना नगरची ओढ लागली. चांगी विमानतळावर निरोप देताना मी रडले, तर त्या म्हणाल्या की पेटी काळी चारमध्येच ठेव, मी येईन. आल्या नाहीत. केतकीनं संशोधन पुरं केलं आणि पुण्याला नोकरी धरली. सवड मिळेल त्या रविवारी ती नगरला जायची. शेवटच्या आजारपणात तर रजा काढून बाईंपाशीच राहिली होती. बाई गेल्याचा पहिला फोन मला तिचाच आला. तिनं सांगितलं की आदल्या दिवशी बाईंनी तिला मरीयेचा अभंग म्हणायला लावला. डोळे मिटलेले होते, ऐकतायत की नाही, कळत नव्हतं. दुसऱ्या ओळीला त्यांनी पांघरुणावर बोट आपटलं. "समेवर ये," म्हणाल्या. हे सांगताना केतकी हसत होती.

त्यानंतरच्या मंडळाच्या कार्यक्रमात बाईंचा विषय निघाला. नव्यानंच सिंगापूरला आलेल्या एका बाई चहा घेता घेता म्हणाल्या, शेवटी पार भ्रमिष्ट झाल्या होत्या म्हणे, मुळातच होतं ना ते. माझा पारा चढला. पण मी तोंड उघडायच्या आधीच देवधरवहिनींनी हातातलं लाडवांचं ताट टेबलावर ठेवलं आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

"तुम्ही होतात का तिथं?"

त्या बाई गोंधळून नाही म्हणाल्या.

"आमची केतकी होती," वहिनी म्हणाल्या, आणि ताट उचलून पुढच्या रांगेकडे गेल्या.