एरलंडच्या वेढ्यात हात

"रंगांचे अर्थ खिशात राहू देत, मनगट पुढे कर," थोरा फाउबिस्टर एकदा एका नवऱ्यामुलाला म्हणाली. निळा म्हणजे निष्ठा, हिरवा म्हणजे भरभराट, अशी यादी घेऊन तो आला होता.

स्कॉटलंडच्या टोकाला आमच्या ऑर्कनी बेटांवर नवराबायकोचे हात दोरीनं एकत्र बांधून लग्न लावायचं असलं की शब्द मी म्हणतो. दोऱ्या थोरा वळायची. ती डोळे मिटायला लावून एकेक दोरी मनगटावर ठेवी आणि नाडी धरून बसे. जिच्याखाली नाडी निवते, ती दोरी. लग्नात पडलेली गाठ कापायची नाही, हात वेढ्यातून सरकवून काढायचे आणि गाठ तशीच जपायची. कुणाला नवी दोरी हवी असेल तर जुनी गाठ आधी सोडायची, तीही दोघांनी आपापला हात पुन्हा वेढ्यात घालून.

तिच्या मुलाची, एरलंडची गाठ तिच्याच खिडकीत टांगलेली होती. सहा वर्षांपूर्वी त्याची होडी सापडली, खेकड्यांचे पिंजरे सापडले, तो नाही. त्याची बायको मेरन ती गाठ थोराकडे ठेवून दुसऱ्या घरी राहायला गेली. "वारा नसताना हलते," थोरानं मला सांगितलं होतं, लोकरीचा भाव सांगावा तसं. चहा पिताना ती गाठीकडे कधी पाठ करत नसे.

ऑक्टोबरात एका दुपारी मेरन आली. मी तिथेच होतो.

"सँडीला हो म्हणालेय, थोरा. दोरी निवडायचीय."

"फेरीबोटीवर तिकिटं फाडतो तो? आधी त्याचे कान बांधावे लागतील. वाऱ्यानं उडून जाईल."

"कान असू देत मोठे. ऐकतो तरी. तुझ्या लेकानं कधी ऐकलं होतं?"

थोरा हसली. मग तिची नजर खिडकीकडे गेली आणि हसू तिथेच थांबलं.

"नियम ठाऊक आहे ना तुला?"

"म्हणून तर आलेय. झोपेत हे मनगट ओढलं जातं गं. मी त्याला असं बांधून ठेवून दुसरा संसार कसा करू?"

"आणि सोडल्यावर तो यायचा कुठे?"

मी म्हणालो, "त्याच्या जागी मी घालतो हात."

"तू गप्प बस. तुझे हात पुस्तकं धरायचे. त्याचा हात माझ्या पोटात झालाय."

तिनं गाठ उतरवली. मेरननं आपला हात वेढ्यात घातला. थोरानं डावी बाही वर ओढली आणि एरलंडच्या बाजूनं हात आत सरकवला. वेढा तिच्या मनगटाला फार मोठा होता. "किती जागा आहे इथे," ती हळूच म्हणाली आणि आत कुणी असल्यासारखी बोटं मिटून थांबली. बराच वेळ. मग दोघींनी मोकळ्या हातांनी गाठ सोडली. मिठाचे कण मेजावर पडले. सुटलेली दोरी सरळ झाली नाही, वेढ्यांच्या आकारातच पडून राहिली.

थोरानं दोऱ्यांची पेटी उघडली. मेरननं डोळे मिटले. पहिली दोरी, दुसरी, मग एक राखाडी. थोराची बोटं नाडीवर होती. नाडी कधी निवली हे मेरनच्या आधी तिला कळलं.

राखाडी दोरी तिनं मेरनच्या ओंजळीत ठेवली.

"थोरा?" मेरन म्हणाली.

थोरानं दार उघडलं आणि कोट न घेताच बाहेर पडली. डावी बाही अजून वर ओढलेलीच होती.